नंबरचा रकाना

प्रिय गुंड्या,

बाबांचं ऑपरेशन येत्या मंगळवारी ठरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आज दुपारी स्वतः सांगितलं आणि मी तारीख कागदावर लिहून घेतली. मोतीबिंदू फार पिकलाय म्हणाले. तीन महिन्यांपूर्वी काम सोपं होतं, आता किती दिसेल ते पट्टी सुटल्यावरच कळेल.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी माझं रडगाणं ऐक. आमच्या दवाखान्यातल्या ऑपरेशनच्या याद्या मी बघते, हे तुला माहीतच आहे. हल्ली ज्याची पाळी येईल त्याला कॉम्प्युटरच फोन लावतो. त्याला नंबरच्या रकान्यात नुसते आकडे लागतात, आणि लोकांना तिथे अख्खी कहाणी सांगायची असते! एकाने लिहिलंय, 'सुनेचा नंबर आहे, पण तिला काही सांगू नका.' एकीने लिहिलंय, 'दुकानात विचारा.' एका मास्तरांनी तर नंबर अक्षरी लिहून शेवटी 'फक्त' असंही घातलंय. शेवटी वैतागून मी एक चाळणी लावली. रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आकडेच असतील तर नाव यादीत. दुसरं एक जरी चिन्ह निघालं, तर नाव बाजूच्या पानावर. ते पान रोज कुणीतरी बघायचं ठरलं होतं. कुणीतरी म्हणजे मीच. पण साहेबांचा रोजचा प्रश्न एकच, 'यादी स्वच्छ आहे ना?' यादी लख्ख होती. बाजूचं पान मी उघडलंच नाही.

परवा एक आजोबा काठी आपटत आले. 'बाई, माझ्यामागून नाव घातलेले लोक बघायला लागले, आणि मी अजून भिंतीला नमस्कार करतोय!' त्यांच्यासाठी ते पान उघडलं. दोनशे चौदा नावं! आजोबांच्या नंबरपुढे नुसता एक पूर्णविराम होता. कपाळावर हात मारला, आणि खाली जाता जाता बाबांचं नाव दिसलं.

बाबांचा फॉर्म तू भरला होतास. पंधरा दिवसांपूर्वी यादीत त्यांचं नाव सापडेना, तेव्हा तू फॉर्म दिलाच नाहीस असं मी ठरवून टाकलं. काका-आत्यांसमोर तुला नाही नाही ते बोलले. बापाच्या डोळ्यांपेक्षा तुला नोकरी मोठी, असंसुद्धा. तू एवढंच म्हणालास, 'ताई, मी नीट भरला होता,' आणि भरल्या ताटावरून उठून गेलास. खरंच नीट भरला होतास. बाबांचा नंबर, त्यापुढे 'त्यांना ऐकू कमी येतं, न उचलल्यास ताईला लावा', आणि माझा नंबर. त्या दोनशे चौदा ओळींत इतकी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती, आणि तेवढ्यासाठीच माझ्या चाळणीने बाबांना बाहेर काढलं.

चूक माझी, गुंड्या. साहेबांना तसं लेखी दिलंय. बाकीच्यांना मी स्वतः फोन लावतेय, आजवर एकशे दहा झाले. बाबांना मात्र अजून सांगायचा धीर झालेला नाही. ते तुलाच दोष देतात. सोमवारी त्यांना दाखल करतील आणि बुधवारी सकाळी नऊला पट्टी सुटेल. त्याआधी मी त्यांना खरं सांगणार आहे, तू खोलीत असताना. सोमवारच्या गाडीने ये. चिडायचं असेल तर इथे येऊन चीड.

तुझीच,
ताई