रोपांना काही कमी पडू दिलं नाही

४ फेब्रुवारी. सकाळ.
बायको गेली. थोरल्या मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, महिनाभर तरी येत नाही. जाताना चपला घालता घालता मला एकच काम सांगितलं: गॅलरीतल्या ट्रेमधल्या रोपांना सकाळी थोडं पाणी घालायचं, बाकी हात लावायचा नाही. ‘हात लावायचा नाही’ हे पुन्हा एकदा लिफ्टचं दार बंद होताना सांगितलं, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. आयुष्यभर माणसं घडवली, ट्रेनिंग विभागाचा प्रमुख म्हणून रिटायर झालो, आणि मला सूचना काय, तर थोडं पाणी!

पण जबाबदारीची पूर्ण कल्पना आहे. ही सासूबाईंच्या टोमॅटोंची रोपं. सासूबाई पिकल्या टोमॅटोचा गर वर्तमानपत्राच्या तुकड्यावर थापून वाळवायच्या. बी कागदाला चिकटायचं, आणि पुढच्या वर्षी कागदासकट मातीत. गेल्या वर्षी त्या गेल्या. घर विकलं, मागची बाग गेली. त्यांच्या हातचा शेवटचा कागद हिने यंदा सगळाच्या सगळा पेरला, बी जुनं होऊन वाया जायला नको म्हणून. म्हणजे आता जे काही शिल्लक आहे ते या ट्रेमध्ये. अकरा रोपं.

५ फेब्रुवारी.
रोपांची पाहणी केली. धक्का बसला. काडीएवढी उंची, दोन-चार पानं. माती तर विचारू नका, नुसती रेताड. त्यात खायला काय आहे? बायकोचं पहिल्यापासून सगळं असंच, बेताबेतात भागवायचं. माझं तत्त्व उलट आहे. नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सगळं देऊन टाकायचं. माझ्या हाताखालची कितीतरी पोरं पहिल्याच आठवड्यात सोडून गेली, पण जी राहिली ती तयार झाली.

६ फेब्रुवारी. दुपार.
नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्याने मला बघताच ओळखलं की गिऱ्हाईक जाणकार आहे. गांडूळखत, शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा. शिवाय दाणेदार टॉनिकचा एक डबा. डब्यावरचा टोमॅटो लहान मुलाच्या डोक्याएवढा आहे. किती घालायचं विचारलं, तर म्हणाला चिमूटभर. कोणाची चिमूट ते सांगितलं नाही. माझा हात मोठा आहे.

संध्याकाळी सगळं घमेल्यात कालवलं. शेवटी मातीला जागाच उरली नाही. हरकत नाही. रोपं एकेक करून प्लास्टिकच्या मोठ्या ग्लासांत, तळाला भोकं पाडून, लावली. वास येतोय, पण पौष्टिक गोष्टींना वास असतोच. सोसायटीच्या बागकाम ग्रुपवर फोटो टाकला. खूप अंगठे आले.

बायकोचा फोन. पाणी घातलंत का, म्हणाली. घातलं म्हणालो. विचारलं तेवढंच उत्तर द्यावं, ही ऑफिसातली जुनी शिस्त आहे.

९ फेब्रुवारी.
पानं गडद हिरवी! ग्रुपवर पुन्हा फोटो. रविवारी, २३ तारखेला, सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठरलं: ‘रोपांचं संगोपन: एक दृष्टिकोन’. विषय मीच सुचवला. वक्ताही.

१२ फेब्रुवारी.
काही पानांच्या कडा तपकिरी. टोकं आत वळलीत. बराच वेळ विचार केला आणि निदान झालं: भूक. वाढतं वय आहे. टॉनिक दिलं.

संध्याकाळी परत दिलं.

१३ फेब्रुवारी.
कडांचा तपकिरी रंग आता पानाच्या मध्यापर्यंत. मातीवर पांढरा थर आलाय. पोषण वर आलं असावं. दोन रोपांनी माना टाकल्या. आळशी आहेत, प्रत्येक बॅचमध्ये दोन असतातच.

१४ फेब्रुवारी.
तीन गेली. ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, पण एका मित्राची रोपं म्हणून. लगेच उत्तरं: मित्राला सांगा, खत फार झालंय. मी लिहिलं, मित्र अनुभवी आहे. त्यावर कोणीतरी लिहिलं की मित्राच्या गॅलरीचा कठडा अगदी तुमच्यासारखा दिसतो. काही लोकांना कामधंदे नसतात.

१५ फेब्रुवारी.
खरं कारण शोधायला उरलेली सगळी रोपं उपटून मुळं बघितली. टोकं काळपट. परत लावली. उद्या परत बघणार, लक्ष ठेवायला हवं.

१६ फेब्रुवारी.
बघितली. कालच्यापेक्षा वाईट. आणखी एक गेलं.

१७ फेब्रुवारी. सकाळी.
खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई वर आल्या. हातात त्यांची पांढरी चादर, चादरीवर माझ्या गॅलरीतून गळलेलं तपकिरी पाणी. मी खुर्ची दिली, चहा विचारला. दोन्ही नको म्हणाल्या. सरळ गॅलरीत जाऊन एका ग्लासात बोट घातलं, वास घेतला, आणि निकाल देतात तसं सांगितलं. हे खायला घालून मारणं आहे. एवढ्याशा रोपाला जवळपास काही लागत नाही. मुळं भाजलीत. एकदा साधं पाणी हळूहळू सोडून खत धुऊन काढा, मग साध्या मातीत लावा, सावलीत ठेवा, आणि त्यानंतर त्यांना एकटं सोडा.

शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात होतं. मी म्हणालो, तुमच्या सूचनेचा विचार करतो. त्या म्हणाल्या, विचार नका करू. जाताना चादर इथेच टाकून गेल्या, धुवायला.

१७ फेब्रुवारी. दुपार.
विचार केला. बाईंच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. म्हणजे माझं चुकलं असं नाही, खत जरा जास्त इमानदारीने काम करत होतं. उद्या बचावकार्य. तीन टप्पे: धुणे, लावणे, सावली. कागदावर आकृती काढली. खूप दिवसांनी उत्साह वाटला.

१८ फेब्रुवारी.
टप्पा एक. ‘हळूहळू पाणी सोडा’ यातलं हळूहळू मला पटलं नाही. एवढं खत हळूहळू कधी जाणार? बाथरूममध्ये शॉवर पूर्ण उघडला. खत गेलं. दोन रोपंही गेली, जाळीतून खाली. जाळी काढून हात घातला, घड्याळ भिजलं. रोपं सापडली नाहीत.

टप्पा दोन. साधी माती खालच्या मैदानातून आणली. वॉचमनने कशाला म्हणून विचारलं. रेस्क्यू ऑपरेशन म्हणालो. त्याने आदराने वाट दिली.

टप्पा तीन. सावली. सावलीच द्यायची तर पूर्ण द्यावी. कपाटात ठेवली. दार बंद.

शिवाय प्रत्येकाला अगदी किंचित टॉनिक. आजारी माणूस आहे म्हणून कोणी त्याला उपाशी ठेवतं का?

२० फेब्रुवारी.
कपाटातून बाहेर काढली. पांढुरकी पडलीत. दोन आडवी. लगेच कडक उन्हात ठेवली.

२० फेब्रुवारी. दुपारी तीन.
उन्हातून उचलली. उरली दोन.

२१ फेब्रुवारी.
बायकोचा व्हिडिओ कॉल. रोपं दाखवा म्हणाली. मी फोन आकाशाकडे धरला आणि नेटवर्क नाही म्हणालो. केवढी झाली, विचारलं. बोटाएवढी. कुठल्या बोटाएवढी ते तिने विचारलं नाही. मग म्हणाली, ताईला परवा आईच्या टोमॅटोंची आठवण येत होती, फळ धरलं की पहिलं तिलाच नेऊन देणार आहे. मी म्हणालो, नक्की. फोन ठेवल्यावर रोपं परत मोजली. दोनच.

२२ फेब्रुवारी.
एक.

आज त्याला काहीही केलं नाही. म्हणजे सकाळी केलं नाही. दुपारी पंखा लावून दिला, मातीत ओल फार वाटली म्हणून. संध्याकाळी काडीचा आधार दिला. काडी रोवताना ‘कट्’ असा आवाज आला, पण तो कपाटाचा असावा.

२३ फेब्रुवारी. रविवार.
व्याख्यान उत्तम झालं. आकृती दाखवली. रोप म्हणजे घरात नव्याने आलेलं माणूस, त्याला त्याच्या कलाने वाढू द्या, या वाक्याला टाळ्या पडल्या. वकीलबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. ग्रुपने मला ‘मार्गदर्शक’ केलं.

घरी आलो तर शेवटचं रोप आडवं होतं. काडी उभी होती.

वाईट वाटलं. इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं. सासूबाईंचा हात लागला होता त्या कागदाला.

२५ फेब्रुवारी.
भावनेच्या भरात प्रश्न सुटत नसतात. नर्सरीत गेलो. टोमॅटोची रोपं आहेत का विचारलं. कुठल्या जातीची हवीत, म्हणाला. सासूबाईंच्या. त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, हायब्रिड घ्या, सगळ्या सासूबाई खूश होतात. अकरा घेतली. ट्रेमध्ये तश्शीच लावली, साध्या मातीत. अंतरही तेच. टॉनिकचा नवा डबा घेतला नाही. लहान पाकीट घेतलं.

खरं तर ही फसवणूक नाही. टोमॅटो तो टोमॅटो. ताईंना फळ मिळाल्याशी मतलब.

१ मार्च.
रोपं टवटवीत. शेवटी माझ्या पद्धतीला यश आलंच. पाकीट फोडलेलं नाही, अजून तरी.

४ मार्च.
बायको आली. बॅग ठेवली आणि थेट गॅलरीत. ट्रेजवळ वाकली, एका रोपाचं पान दोन बोटांत धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाली, छान आहेत. आणि अंघोळीला गेली.

जीव भांड्यात पडला! काही कळलं नाही तिला. संकटात डोकं शांत ठेवणं, हे तीस वर्षं शिकवलं ते काही उगाच नाही. हा सगळा अनुभव ग्रुपवर लिहावा का? नावं बदलून.

५ मार्च. दुपार.
जेवण झाल्यावर ही आतल्या खोलीत ताईंशी फोनवर बोलत होती. मी पेपर वाचत होतो. म्हणजे धरला होता.

आईची रोपं गेली गं, म्हणाली. पान बघूनच कळलं. आईच्या टोमॅटोचं पान बटाट्याच्या पानासारखं, सरळ कडेचं. ही बाजारातली आहेत, कातरलेल्या पानांची.

मी त्या रोपांचे फोटो काढले, मापं घेतली, उपटून मुळं तपासली, त्यांच्यावर व्याख्यान दिलं. पानाचा आकार बघितला नाही.

मग नाक ओढल्याचा आवाज आला. रडत असावी. नंतर म्हणाली, नाही, ह्यांना बोलले नाही काही, तूही बोलू नकोस. कळलं तर हे आणखी काहीतरी वाचवायला निघतील.

पेपर खाली ठेवला. आत जाऊन माफी मागायचं ठरवलं. वाक्यसुद्धा तयार केलं. गेलो. तिने डोळे पुसून विचारलं, काय हवंय. मी म्हणालो, चहा.

चहा घेऊन दोघं गॅलरीत बसलो. कातरलेल्या पानांकडे बघत होतो. ऊन कडक होतं, माती वरून सुकली होती. पाणी घालू का, विचारलं.

राहू द्या, म्हणाली. मी घालते.

बरं, म्हणालो.