जे भागात नव्हते

३ फेब्रुवारी, सोमवार

आठच्या मालिकेचा नवा भाग. सुताराने भागीदाराला हातोड्याने ठार केले. मागून, डाव्या हाताने घाव घातला. जखम मात्र उजव्या कानामागे. शिवाय दोन तासांनी पोलीस आले तरी रक्त लालभडक. कवटी फुटल्याचा आवाज तर नारळ फोडल्यासारखा. इतका खर्च करतात, मग एखाद्या जाणकाराला विचारायला काय होते?

साडेआठला ठकीचा फोन. धाकट्या बहिणीचा आणि माझा हा जुना नेम – भाग संपला की खुनी कोण ते दोघांनी सांगायचे. ती पाच तासांच्या अंतरावर राहते, भेट वर्षातून एकदा, पण फोन चुकत नाही. मेहुण्यांच्या आग्रहामुळे तो स्पीकरवर असतो. घरात लपवाछपवी नको, म्हणतात.

ठकी म्हणाली, "दादा, तो तिची बोटं दाराच्या फटीत धरतो आणि टाचेनं दार लोटतो ना, ते बघवलं नाही रे."

असा प्रसंग भागात नव्हता. तसे सांगितले. मागून मेहुणे हसले. "दादासाहेब, तुमच्या बहिणीचं अर्धं लक्ष स्वयंपाकात असतं."

५ फेब्रुवारी, बुधवार

आज गळा आवळून खून. दोरी नायलॉनची, वळ मात्र सुतळीचा दाखवला. बाई आठ सेकंदांत मेली. मी घड्याळ लावून पाहिले. प्रत्यक्षात याला काही मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ मारणाऱ्याला ते करत राहावे लागते, हे कोणीच दाखवत नाही.

ठकीने पुन्हा घोळ घातला. म्हणे, नवरा बायकोच्या तोंडात फडके कोंबतो आणि पट्ट्याने मारतो; बक्कल असलेल्या बाजूने. मी म्हणालो, नव्हता असा प्रसंग. ती म्हणाली, "होता रे दादा, नीट आठव." मी आवाज चढवला. नव्हता म्हणजे नव्हता. मी लिहून ठेवतो, तुझ्यासारखा भाजी निवडत पाहत नाही.

मेहुणे शांतपणे म्हणाले, "मग ही कुठून आणते असलं?"

फोन बंद झाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठकीचा फोन नाही. मी केला, उचलला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कालही नाही, आजही नाही. बुधवारचा भाग दुपारी पुन्हा लागतो. गोदामातून अर्धी रजा घेतली – औषधांची आलेली खोकी तपासायची राहिली, असे पहिल्यांदाच घडले. वही घेऊन बसलो. पट्टा नाही, फडके नाही. माझेच बरोबर. तसे हिला सांगितले.

ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, ती मालिकेचं सांगतच नव्हती."

मी या वहीची मागची पाने उलटली. १२ जानेवारी – 'ठकी म्हणते, नवऱ्याने बायकोचे केस धरून तोंड पाण्याच्या बादलीत दाबले. असा प्रसंग नाही.' २० जानेवारी – 'ठकी म्हणते, मांडीवर उकळता चहा ओतला. दुसरीच मालिका पाहत असावी.' २९ जानेवारी – 'पोटात लाथ. चुकीचे.' सहा आठवड्यांत अकरा नोंदी. सगळ्या माझ्या अक्षरात, तारीखवार.

तो शेजारी बसून ऐकत असताना ती याच एका वाटेने बोलू शकत होती. आणि मी दर वेळी तिला खोटे पाडले. परवा तर त्याच्यासमोर.

८ फेब्रुवारी, शनिवार

आठ चाळीसला फोन आला. तिचे शब्द ओठ सुजल्यासारखे येत होते. मागे मेहुण्यांचे खाकरणे.

मी म्हणालो, "बुधवारी माझंच चुकलं, ठके. प्रसंग होता. मी पुन्हा पाहिला."

मग म्हणाली, "पाहिलास ना?"

"पाहिला. त्या बाईचा नवरा कधी घराबाहेर जातो का गं?"

"मंगळवारी. दहा ते बारा."

"मग तिचा भाऊ येत का नाही?"

"तो भाऊ म्हणजे काय सांगू. घड्याळाला पक्का, डोक्यानं कच्चा."

मेहुणेही हसले. मीही हसलो, कसा ते मला ठाऊक.

"येईल तो," मी म्हणालो. "साडेदहाला. माझा अंदाज लिहून ठेव."

१० फेब्रुवारी, सोमवार

टीव्ही ही पाहत होती. घर सोडून निघालेल्या बायकोला नवऱ्याने बसथांब्यावर सुऱ्याने भोसकले. नऊ वार. चूक सापडली नाही. सापडावी म्हणून डोळे फाडून पाहिले. मग उठून स्वयंपाकघरात गेलो.

पहाटेच्या गाडीचे तिकीट काढले आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बरोबर साडेदहाला घंटी वाजवली. ठकीनेच दार उघडले. उजव्या हाताची दोन बोटे काळीनिळी, नखे गेलेली. खालचा ओठ शिवलेला. मला म्हणाली, "बस म्हणणार नाही तुला." पिशवी तयार होती; ती मी घेतली, दुसऱ्या हातात माझी बारमाही छत्री होतीच.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये मेहुणे भेटले. वर येत होते, दमलेले नव्हते. आम्ही उतरायची वाट पाहत खाली उभे असणार.

"भाग मीही बघतो, दादासाहेब," म्हणाले. "घरगुती बाब आहे. तुम्ही चहा घेऊन जा."

ठकी त्यांना चुकवून पुढे झाली. त्यांनी तिची वेणी पकडून मनगटाभोवती दोन वेढे घेतले आणि तिला कठड्यावर आपटले. आवाज अगदी लहान झाला. मालिकेत कधीच ऐकला नव्हता असा. मी पिशवी टाकली आणि त्यांच्या मनगटावर छत्रीचा दांडा घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हाड मोडले, ते हाताला कळले. त्यांनी डाव्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. मग त्यांचा तोल गेला आणि ते सात पायऱ्या घसरले. मी खाली उतरून पुन्हा दांडा उगारला.

पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडले. "पुरे आता," त्या मला म्हणाल्या. "पोलिसांना फोन केलाय. तिला आत आणा."

तक्रार नोंदवली. मी वही दिली. हवालदाराने अकरा नोंदींची छायाप्रत ठेवून घेतली. सायंकाळी घरी पोहोचलो. ठकी हिच्या खोलीत झोपली आहे.

आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नव्हता. आज उगारला, आणि थांबावेसे वाटत नव्हते. हे लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ठकीला विचारले – इतकी माणसे भोवती राहतात, तू एकदाही ओरडली कशी नाहीस?

ती सहज म्हणाली, "सवय होती रे. पाढे चुकले की तू पट्टी मारायचास आणि सांगायचास, आवाज काढलास तर आणखी दोन. आठ वर्षांची होते मी. तेव्हापासून नाही ओरडत."

मला आठवत नव्हते. दुपारी आठवले. लाकडी पट्टी. एका कडेला पितळेची पातळ पट्टी बसवलेली. मी त्याच कडेने मारत असे.