बिनआवाजाची गाडी

रनाळे, डिसेंबर १९४६

चुडामणभाऊ,
लोटनचा पाया पडून नमस्कार.

लढाईत उरलेला एक ट्रेलर लिलावात घेतला. तू पलटणीत लॉरी चालवायचास, म्हणून त्याच्यावरून नजर हटेना. फकीर मिस्त्रीने गंज खरवडला, सागाच्या फळ्या ठोकल्या, लॉरीला अडकवायचा आकडा कापून बैलांसाठी दांडी आणि जू बसवलं. आता रबरी चाकांवर तो अगदी गुपचूप चालतो.

आपल्या जुन्या गाडीच्या चाकांची लोखंडी धाव नाल्यातल्या दगडांवर खडखडायची, आठवतं? त्या आवाजावर माय तवा ठेवायची आणि तू हातपाय धुवेपर्यंत भाकर फुगलेली असायची.

ट्रेलर आल्यापासून माय सारखी उठून रस्ता बघायला लागली. म्हणाली, "आते गाडीना आवाजच येत नही. मन्हा चुडामण ऊना तं माले कसं समजी?"

तू गेल्याची तार दीड वर्षापूर्वी आली. मी ती मायला वाचून दाखवली नाही. ट्रेलरच्या पेटीत, पान्यांखाली ठेवली आहे. हे पत्रही तिथेच ठेवेन.

तिला आवाज तरी यावा म्हणून काल तुझ्या घुंगरमाळा बैलांना बांधल्या. "परत आल्यावर मीच बांधीन, कोणी हात लावू नका," असं बजावून तू त्या खुंटीला टांगल्या होत्यास, हे मी विसरलोच.

घुंगरं ऐकून माय पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यापर्यंत आली. गाडीवर मी एकटाच होतो. तिने ते पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि हळूच विचारलं, "तुले कव्हयपासून माहीत शे, लोटन?"



तुझा धाकटा,
लोटन