मागच्या सीटवरचा शेरा

मी, गुलाबराव लक्ष्मण गजभिये, वय वर्षे ६७, राहणार भनपुरी, रायपूर, धंदा एके काळी ड्रायव्हरी आणि सध्या दुसऱ्याच्या गाडीत बसून मनातल्या मनात ब्रेक दाबणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या धाकाशिवाय आणि चहाखेरीज कोणतीही नशा न करता लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर फोनवर प्लॉटचा सौदा करत होते, पण सही त्यांचीच आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते, म्हणून माझे लायसन पुन्हा झाले नाही. मृत्युपत्राला एक डोळा पुरतो, असे वकील पद्मजाताई सांगतात.

कलम १. घर. माझे वडील तुमसरहून येऊन रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत लागले आणि त्यांनी भनपुरीत ही जागा घेतली. तेव्हा इथे शांतता होती म्हणतात. आता दिवसभर ट्रकचे हॉर्न असतात. मागच्या दोन खोल्या मुलगा यशदीप आणि मुलगी रुचिता यांना सारख्या वाटून द्याव्यात. रस्त्याकडची पुढची खोली वेगळी ठेवली आहे, तिच्याविषयी कलम ६ पाहावे. दोघांनी भांडू नये. भांडायचेच झाले तर हॉर्न वाजत असताना भांडावे, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही.

कलम २. बँकेतली ठेव आहे तेवढी रुचिताची. ती मला दर रविवारी फोन करते आणि माझे बोलणे संपेपर्यंत फोन ठेवत नाही. ठेव किती, हे इथे लिहीत नाही, जावई वाचतील.

कलम ३. यशदीपला माझी पांढरी टोपी, पांढरा गणवेश आणि टायरमधली हवा मोजायचे मीटर. त्याने गेल्या वर्षी स्वतःहून पार्क होणारी गाडी घेतली. मी पस्तीस वर्षे साहेबांना नेले आणि आणले, एकदाही ओरखडा नाही, आणि हा मला सांगतो, "पप्पा, आप ब्रेक बहुत जल्दी लगाते हो." मराठी त्याला समजते, उत्तर मात्र हिंदीतच देतो. मीटर त्याने वापरावे. हवा किती आहे हे गाडीचा पडदा सांगतो म्हणे, पण पडदा वाकून टायरकडे बघत नाही.

कलम ४. नातीला काचेच्या पेटीतली खेळण्यातली सेडान. मी निवृत्त झालो तेव्हा शेठ हिरालाल यांनी ती भाषण करून मला दिली. तिची पुढची दारे उघडतात, मागची उघडत नाहीत. शेठच्या हातून एवढी खरी गोष्ट प्रथमच घडली.

कलम ५. वह्या. एकूण पाच, निळ्या पुठ्ठ्याच्या, रुचिताला. यांत मी चालवलेल्या प्रत्येक भाड्याच्या बड्या सेडानविषयी माझा शेरा आहे. यशदीपने एक चाळून पाहिली आणि म्हणाला, "इसमें गाड़ी कम, आप ज़्यादा हो." म्हणून त्याला नाहीत.

वह्या का लिहिल्या ते सांगतो. सन २००० मध्ये राज्य झाले आणि रायपूर राजधानी झाली. तोवर शेठच्या एजन्सीत चार अँबेसिडर आणि एक जीप होती. (एजन्सीचे नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला.) राज्य नवे, खुर्च्या नव्या, साहेब नवे, जुने फक्त खड्डे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला लांब गाडी हवी झाली. शेठने त्या आणल्या, मागच्या सीटवर पांढरे टॉवेल पसरले आणि आम्हाला टोप्या दिल्या. पाहुण्याचा हुद्दा जेवढा मोठा, तेवढा टॉवेल जाड. एवढ्या महागाच्या गाड्या, आणि त्या कशा चालतात हे कुणी आम्हाला कधी विचारले नाही. म्हणून मी स्वतःलाच विचारले आणि लिहून ठेवले. नमुना देतो.

"जर्मन, काळी, २००४. नाव ठेवले जावई. काटा अडीचशेपर्यंत आहे. माना विमानतळ ते सर्किट हाऊस सरासरी तेवीस. आली की सगळ्यांनी उभे राहायचे. स्पीडब्रेकरला पोट टेकले की महिनाभर रुसून गॅरेजमध्ये. स्टेअरिंग मात्र असे, की मनात डावीकडे आले तर गाडी डावीकडे जाते. चालवताना मनात काही आणू नये."

"जपानी, चंदेरी, २००६. नाव सासूबाई. आवाज काडीचा नाही, लक्ष सगळीकडे. दार उघडे राहिले, टूं. पुढच्या सीटवर साहेबांची बॅग ठेवली, तिने पट्टा बांधला नाही म्हणून टूं. बॅगेला पट्टा बांधला. साहेबांनी बांधला नाही, कारण मागचा पट्टा टॉवेलखाली गाडलेला आहे. या राज्यात बॅगा सुरक्षित आहेत."

"कोरियन, पांढरी, २००६. नाव मावशी. मिजास नाही. क्लच इतका हलका, की पायालाच विचारावे लागते, दाबलास का. खड्ड्यातून नेली तर पाहुण्याच्या हातातला चहा सांडला नाही. ही गाडी मला आवडली, पण शेठला सांगितले नाही, नाही तर ती दुसऱ्याला दिली असती."

पुढे नवा रायपूर झाला. सहा पदरी रस्ते, दिवे, फुलझाडे, आणि त्यावर मी, एक पाहुणा आणि गायी. तिथे पहिल्यांदा कळले की या बड्या गाड्या शंभराच्या पुढे जमिनीला धरून बसतात. गायी आपली लेन सोडत नाहीत, हेही तिथेच कळले.

कलम ६. खरे सांगायचे तर हे कलम लिहिण्यासाठीच मृत्युपत्राचा घाट घातला. आधीची पाच कलमे म्हणजे इंजिन गरम करणे होते.

शेठचे नियम तीन होते. ड्रायव्हरने मागच्या सीटवर बसायचे नाही. घरच्या माणसाला गाडीत घ्यायचे नाही. आणि संध्याकाळी गाडी जमा करताना शेठ मागचे दार उघडून, डोके आत घालून, टॉवेल हुंगणार. बिडी, भजी, अत्तर, बाई, सगळे आपल्याला वासावरून कळते, असे शेठचे म्हणणे होते. त्या नाकावर एजन्सी चालली होती.

माझी पत्नी कमला माझे शेरे रोज ऐकत असे. एक दिवस म्हणाली, "रोज आपलं स्टेरिंग अन् ब्रेक. साहेब लोक मागं बसतात ना? मागं कसं वाटते थे काहून नाई लिहीत?"

म्हटले, "मले मागं बसता येत नाही."

"मंग मी बसून सांगते."

दिनांक ११ फेब्रुवारी २००७, रविवार. पाहुण्याला विमानतळावर सोडून, दुपारी ती कोरियन मावशी घेऊन मी भनपुरीला आलो. कमलाने डालड्याच्या डब्यांत अबोली लावली होती, तिचा गजरा माळून ती मागे बसली. बिलासपूर रोडने सहा किलोमीटर गेलो. तिचा शेरा तिसऱ्या वहीत आहे, जसाच्या तसा: "खड्डा लागत नाई. आवाज येत नाई. बाहेरचे मानसं चित्रावानी दिसतात. तुमचे मानेवरचे केस पिकले, घरी कधी दिसलेच नाई. करमत नाई इथं, पुढं येऊ का?" आणि परतताना ती पुढे बसली. माझ्या पाचही वह्यांत याच्या तोडीचा शेरा नाही.

संध्याकाळी शेठने टॉवेल हुंगला आणि गाडी पास केली. अबोलीला वास नसतो. किल्ली रामकृष्ण शेंदरेला दिली, कारण पहाटेची विमानतळाची ड्यूटी त्याची होती. रामकृष्ण पुरानी बस्तीचा, माझा सोबती, आमच्या घरी येऊन कमलाच्या हातची भाकर हक्काने मागून खाणारा. सकाळी टॉवेलच्या घडीत राहिलेली तीन फुले आणि दोरा पाहुण्याच्या कोटाला चिकटून आला.

शेठने आम्हा सगळ्यांना रांगेत उभे केले आणि विचारले, "रात को गाड़ी में बाई किसने बिठाई?" संध्याकाळी गाडी शेठने स्वतः पास केलेली. म्हणजे जे घडले ते नंतरच घडले, कारण शेठचे नाक चुकूच शकत नाही. नंतर किल्ली रामकृष्णकडे होती. रामकृष्ण म्हणाला, "मले मालूम नाही." मी त्याच्या शेजारी उभा होतो. मी माझ्या बुटांकडे पाहत राहिलो.

मी भ्यालो. रुचिताची फी भरायची होती हे खरे, पण ते कारण मी घरी गेल्यावर शोधले. त्या घडीला नुसती भीती होती.

रामकृष्णला त्याच दिवशी काढले. "बाया फिरवतो" हे त्याच्याआधी सगळ्या स्टँडवर पोहोचले. या शहरात पुन्हा कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. अठरा वर्षे तो समता कॉलोनीत एका दवाखान्यासमोर शिटी घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या लावून देतो. कमला विचारायची, "रामकृष्ण भाऊजी काहून येत नाईत?" मी सांगितले, त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. ती २०१६ साली गेली, तोवर तिला हेच ठाऊक होते. तिच्या फुलांनी काय केले, हे मी तिला कळू दिले नाही. जगाच्या गाड्यांवर शेरे मारणाऱ्या माझ्यासारख्याने स्वतःवर एक ओळ लिहिली नव्हती, ती आज लिहिली.

म्हणून, (अ) पुढची खोली रामकृष्ण शेंदरे यांना कायमची द्यावी. (ब) मी गेल्यावर, माझे पुण्यानुमोदन झाले की यशदीपने शेठच्या ऑफिसात, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, हे कलम मोठ्याने वाचावे. (क) अबोलीची एक कुंडी शेठ हिरालाल यांना द्यावी आणि सावकाश हुंगायला सांगावे.

कलम ७. येथवर लिहून झाल्यावर आज मी रामकृष्णला घरी बोलावले. तोंडाने सांगणे जमेना, म्हणून कलम ६ त्याच्या हाती दिले. त्याने चष्मा लावला, दोनदा वाचले, चहा संपवला आणि म्हणाला, "हे मले तेव्हाच मालूम होतं. फुलं पाहिली ना मी. डब्ब्यात अबोली कोन लावत होतं? वयनीच."

"मंग बोलला काहून नाही?"

"वयनीचं नाव त्या मानसाच्या तोंडी काहून देऊ? अन् तू बोलशील म्हनून वाट पाहून राहिलो."

"अठरा वर्षं?"

"हव."

पद्मजाताईंनी त्याला खोलीचे समजावून सांगितले, आणि हेही, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर त्याला मिळायचे ते बाद होते. रामकृष्ण म्हणाला, "मंग मी साक्षीदारच होतो. आना पेन." मी नको म्हणत राहिलो. त्याने माझ्याकडे न बघता कागद ओढून घेतला. मग (ब) वर बोट ठेवून म्हणाला, "अन् हे मेल्यावर काहून? पोट्ट्याले काहून पाठवतो? जित्तेपनी जाऊन वाच ना तू."

पस्तीस वर्षांत मला कुणी इतका सरळ रस्ता दाखवला नव्हता. सबब कलम ६ (अ) रद्द, पुढची खोलीही दोन्ही मुलांची. (ब) रद्द, यशदीपने काही वाचू नये. उद्या सोमवारी सकाळी दहाला, ड्रायव्हर गाड्या पुसत असतात त्या वेळी, मी स्वतः जाऊन ते कलम वाचीन. रामकृष्ण शेजारी उभा राहणार आहे, आणि मी बुटांकडे पाहणार नाही. (क) कायम. कुंडी मीच नेतो.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, खाडाखोड माझीच आहे.

लिहून ठेवणार: गुलाबराव लक्ष्मण गजभिये (सही)

ठिकाण: भनपुरी, रायपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आमच्यासमक्ष सही झाली:

१. वनमाला डोंगरे (सही). धंदा: निवृत्त परिचारिका. राहणार भनपुरी.

२. रामकृष्ण शेंदरे (सही). राहणार पुरानी बस्ती. धंद्याच्या जागी पद्मजाताईंनी "चौकीदार" असे लिहिले होते. साक्षीदाराने ते स्वतःच्या हाताने खोडून पुढीलप्रमाणे लिहिले आहे. धंदा: ड्रायव्हर.