आमेनच्या आधी राहिलं ते

४ मार्च, मंगळवार

वर्षालीने ठरवून टाकलं! मला विचारलं नाही, सांगितलं. मी मेथी निवडत होते, फोन आला — "मम्मी, किडनी मीच देणार आहे. तपासण्या सुरू करतोय." जसं काही शेजारणीला मिक्सर द्यायचाय वापरायला.

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. मेथी तशीच पडली.

जावयाचं, बुद्धरत्नचं डायलिसिस दिवाळीपासून चालू आहे. डायलिसिस करून पुन्हा चाकणला शिफ्टला जातो. त्याच्या आईला, सोजरबाईंना साखर, त्यांची किडनी चालत नाही. सख्खं दुसरं कुणी नाही. म्हणजे शेवटी पाळी कुणावर येणार हे मला कळत होतं. तरी इतके महिने मी "देव मार्ग काढील" म्हणत राहिले. देवाने हाच मार्ग काढावा असं काही माझ्या मनात नव्हतं.

५ मार्च

उपवासकाळ सुरू, ईस्टरपर्यंत. चर्चमध्ये भक्तीला गेले. काही ऐकलं नाही. डोळ्यांसमोर पोरीचं पोट आणि त्यावर टाके.

९ मार्च, रविवार

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी जाहीर केलं — येत्या शुक्रवारची घरप्रार्थना मोशीला, वर्षालीच्या घरी. "सुमनताई चालवतील." म्हणजे मी. विचारायची पद्धत कुणाकडेच राहिली नाही!

बाहेर आमच्या महिला संगतीतल्या अंबुबाईने हात धरला. "ताई, आमी सगळ्या रोज मागतोय बरं का. मॅच होऊ दे म्हणून." मी "हो, हो" म्हणाले. आणि मी काय मागते रोज? मॅच होऊ नये. दुसरा कुणीतरी मिळावा. एकाच दारात दोन उलट अर्ज, आणि त्यातला एक माझा, संगतीच्या अध्यक्षबाईंचा!

चिंता या विषयावर मी किती वेळा बोलले असेन. मुद्दे पाठ आहेत. काळजी देवावर टाका, टाकली की परत उचलू नका. टाकायला हातातून सुटावी तर लागते.

भोसरीच्या कंपनीत सगळी नोकरी इन्स्पेक्शनला काढली. शंका आली की तो माल बाजूला, पुढे सोडायचा नाही. तेच आता डोक्यात चालू आहे. उरलेल्या एका किडनीला काही झालं तर? अजून मूल व्हायचंय, तेव्हा काय? एवढं करून त्याला ती मानवलीच नाही तर? प्रत्येक शंका उचलते, फिरवून बघते, पुन्हा तिथेच ठेवते.

१४ मार्च, शुक्रवार

मोशीला जाऊन आले. धुळवडीची सुट्टी, म्हणून सगळे घरी. लिफ्टमध्येसुद्धा रंग सांडलेला.

आमची मंडळी त्या घरात पहिल्यांदाच आली. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो. सगळे कडेकडेने अवघडून बसले. सोजरबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अवो, ऐसपैस बसा की! आमचं बाबासाहेब काय खेकसत न्हाईत कुणावर." मग मोकळे झाले. पाळकसाहेब सगळ्यात मोठ्याने हसले.

शेवटची प्रार्थना माझी. डॉक्टरांसाठी मागितलं. सिस्टरांसाठी, मशीनसाठी, रस्त्यावरच्या प्रवासासाठी, घरातल्या शांतीसाठी. बुद्धरत्नला धीर मिळावा म्हणून मागितलं. आणि मॅच होऊ दे, हे सांगायची वेळ आली — जीभ उचलेना. तिथून थेट शेवटाला गेले. दणदणीत आमेन झालं. "काय सुंदर प्रार्थना, ताई!" म्हणे अंबुबाई. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

डोळे उघडले तर बुद्धरत्न माझ्याकडे बघत होता. त्याला डोळे मिटायची सवय नाही. आमेन म्हणायचीही नाही. तो नुसता ऐकत होता.

१५ मार्च

त्याला कळलं असेल का?

२० मार्च, गुरुवार

मॅच झाली. वर्षाली फोनवर हसत होती का रडत होती कुणास ठाऊक.

मग म्हणते, "मम्मी, देणारी बाई असली की हॉस्पिटलच्या कमिटीसमोर माहेरच्या माणसाला यावं लागतं. हिच्यावर जबरदस्ती नाही, असं सांगायला. म्हणजे तूच." तिचे पप्पा असते तर त्यांना ढकललं असतं पुढे. आता मीच माहेर.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून फडताळं पुसली.

२३ मार्च, रविवार

चर्चमध्ये मला साक्ष द्यायला उभं केलं, देवाने कसं ऐकलं ते सांगायला. दिली. शब्द कुठे कमी पडतात मला! टाळ्यासुद्धा झाल्या. नंतर सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. लहानपणापासूनची, झोपेतही येईल. देवाच्या इच्छेचं वाक्य आलं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो', आणि मी थांबले. बाकीचे पुढे गेले. मी त्यांना एकदम रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी गाठलं.

२७ मार्च

कमिटीची तारीख आली होती. गुडघा धरलाय म्हणून सांगितलं.

"मम्मी, गुडघ्याने बोलायचं नाहीये तिथे," — वर्षाली. माझीच मुलगी. पुढची तारीख घेतली तिने.

१ एप्रिल, मंगळवार

वर्षालीला हिंजवडीला ऑफिसात जायलाच हवं होतं, म्हणून बुद्धरत्नबरोबर डायलिसिसला मी गेले. आतमध्ये एसी एवढा, आणि त्याच्या ओठांना कोरड. पाणी मोजून प्यायचं. घोट तोंडात किती वेळ धरून ठेवतो! बघवत नाही.

मशीन सुरू झाल्यावर म्हणाला, "मम्मी, एक बोलू का? त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसाठी मागितलं. मशीनसाठीसुद्धा. मॅच व्हावी असं मात्र नाही मागितलं."

"राहून गेलं असेल."

"तुमच्याकडून?" हसला. "तुम्ही आमच्या फ्रिजमधला कढीपत्ता संपला हे निगडीत बसून सांगता."

मी त्याचं पांघरूण नीट करायला लागले. नीटच होतं ते.

म्हणाला, "राग नाही हो. वर्षालीच्या जागी माझी बहीण असती तर मलाही जड गेलं असतं. तुमच्या मनात नसेल तर मी नको म्हणतो. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून सांगेन. वर्षाली चिडेल, पण माझ्यावर. तुमच्यावर काही येणार नाही."

किती हळू बोलत होता. पलीकडच्या पेशंटला ऐकू जाऊ नये म्हणून. माझी लाज राखत होता!

२ एप्रिल

म्हणजे मिळालं की! जे रोज मागत होते ते आपणहून हातात आलं. मी फक्त गप्प बसायचं. बाकी सगळं तो करणार.

मग आज सकाळपासून घरात येरझारा का घालतेय? चहा दोनदा उतू गेला.

त्याला मी जावई म्हणून कधी पसंत केलं नव्हतं. लग्न रजिस्टर झालं, चर्चमध्ये नाही, त्याचा राग होता. तो राग केव्हाच संपला, पण बुद्धरत्न माझा कधी झाला नाही. वर्षालीचा नवरा, एवढंच. आणि काल तो माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाला, जिवाची पर्वा न करता.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी प्रार्थनेला बसले. स्वयंपाकघरातच, स्टुलावर. शेजारी भिमाजींच्याकडे ड्रिलिंग चालू होतं. सुरुवातीचे नेहमीचे शब्द म्हणायला घेतले — दयाळू, कृपाळू — आणि माझाच मला वीट आला.

मग सरळ बोलले. मोठ्याने. मला हे नकोय. मला माझी मुलगी अख्खी पाहिजे. तो गेला तर जाऊ दे, पण ती राहू दे, असं मला आत कुठेतरी वाटतं. आणि तसं वाटतं म्हणून मला तुझ्यासमोर यायची भीती वाटते.

बोलून टाकलं! इतके आठवडे त्याच्यापासून लपवत होते — देवापासून! शिकलेल्या बाईचा मूर्खपणा.

काही झालं नाही. आवाज नाही, प्रकाश नाही. ड्रिलिंग थांबलं नाही. मी रडले, बऱ्यापैकी रडले. मग उरलेलं मागितलं — बुद्धरत्नसाठी. मॅच झालीच आहे, आता किडनी लागू पडू दे. प्रभूच्या प्रार्थनेत ते वाक्य आलं, आणि या वेळी मी ते ओलांडून गेले. सावकाश, कठड्याला धरून जिना उतरावा तशी.

काळजी गेली असं लिहिणार नाही, खोटं होईल. आहे. पण आता ती आम्हा दोघांत आहे. मी एकटीच घेऊन बसलेली नाही.

७ एप्रिल, सोमवार

मोशीला गेले. बुद्धरत्न नुकताच शिफ्टवरून आलेला. वर्षाली यायच्या आत म्हटलं, "भीतीबितीचं काही सांगायचं नाही. खोटं मला चालत नाही. ऑपरेशन करून घ्यायचं."

"पण मम्मी, तुमच्या मनात—"

"माझ्या मनात भीती आहे. राहील. तिला विचारून मी काही ठरवत नाही. आणि त्या दिवशी जे राहिलं होतं ते मागितलं मी. उशिरा मागितलं, पण मागितलं."

तो खाली वाकून बुटाची नाडी सोडत राहिला, कितीतरी वेळ.

आतून सोजरबाई — "विहीणबाई, पोराला दटावताय का लाड करताय? आवाजावरनं काय उमगत न्हाई!"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग करा. मी भाकरी टाकते तुमची."

१० एप्रिल

कमिटी. टेबलापलीकडे तिघं. "मुलगी स्वतःच्या मर्जीने देते आहे?" "हो." "घरातून, सासरकडून दबाव?" "नाही. उलट तोच नको म्हणत होता." "तुमची काही हरकत?"

"होती," मी म्हटलं. वर्षालीने मान गर्रकन वळवली. "आता नाही."

बाहेर आल्यावर दंड धरून विचारते, "होती?"

"आई आहे मी, दगड नाही."

तशीच बिलगली, भर कॉरिडॉरमध्ये. लोक बघत होते. बघू देत.

१४ एप्रिल

जयंती. पिंपरीत गर्दीच गर्दी. बुद्धरत्नला गर्दीत न्यायचं नाही, म्हणून सोजरबाईंनी घरीच वंदना घेतली. मी शेजारी बसले. संपल्यावर म्हणाल्या, "दोगांचं बी नाव घेतलंय म्या. तुमच्या पोरीचं आदी."

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

ऑपरेशनची तारीख मिळाली, २९. झालं! सगळं परत आलं — टाके, रक्त, भूल. गुड फ्रायडेची लांबलचक भक्ती, आणि माझं चित्त त्या ऑपरेशनच्या खोलीत. घरी येऊन पुन्हा स्टुलावर. पुन्हा तेच सरळ बोलणं. रोज करावं लागणार, दिसतंय. भांडी घासल्यासारखं.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी दोघांना आत नेलं. मी आणि सोजरबाई बाकावर. दुपारी सिस्टर आली — वर्षालीचं झालं, शुद्धीवर आहे, घरच्या कुणी एकीने येऊन बघून जा.

सोजरबाईंनी मला कोपराने ढोसलं. "उठा की! तुमची आली बाहेर."

"तुम्ही जा तिच्यापाशी," मी म्हटलं. "आपला अजून आत आहे."

गेल्या त्या. मी बसलेय.