हॉस्पिटलचा वजनकाटा

६ जानेवारी, सकाळ
आजपासून नवं आयुष्य. फॅटी लिव्हरच्या नव्या औषधाच्या स्टडीत माझी निवड झाली. चोवीस आठवडे, रोज एक गोळी. काहींना खरी मिळणार, काहींना नुसतीच गोळी, आणि कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मला खरीच मिळाली आहे. चव कडू आहे.
मुलांचाही एक गट आहे. त्यात आमची ठकी. वय तेरा, लिव्हर बापावर गेलं. आमच्या घराण्यात हाडंच जड असतात, पण ते स्कॅनमध्ये दिसत नाही. लिव्हरच्या ताठरपणाचा माझा आकडा ९.८, ठकीचा ७.९. हा आकडा चढत गेला तर लिव्हर दगड होतं, असं डॉक्टर तिच्यासमोर म्हणाले. 
दोघांना एकेक वही दिली आहे. काय खाल्लं, किती चाललो, गोळी घेतली का, सगळं रोज लिहायचं. बारा वर्षांवरच्या मुलांनी स्वतःच्या हाताने. म्हणजे ही माझी डायरी धरून आता माझ्या दोन वह्या झाल्या.
वजन भरलं ९६.४. अशक्य. हॉस्पिटलचा काटा चुकतो. वजनमापे निरीक्षक म्हणून एकवीस वर्षं नोकरी झाली, नुसतं बघून कळतं. पुढच्या वेळी ऑफिसातलं दहा किलोचं प्रमाण वजन नेऊन काट्याची खोड मोडणार.

७ जानेवारी
पहाटे पाचला उठून चालायचं ठरवलं होतं. सव्वाआठला उठलो. झोप लिव्हरला चांगली.

१९ जानेवारी
बेकरीची तपासणी. काटा बरोबर निघाला. बेकरीवाल्याने चार पेस्ट्री पुढे ठेवल्या. नाही म्हटलं तर माणसाला वाटतं, साहेबांना काहीतरी खटकलंय. केवळ त्याच्या समाधानासाठी खाल्ल्या. शाळेतून आणलेली ठकी सोबत होती. तिलाही एक देत होतो, नको म्हणाली. आईने पोरीला फार घाबरवून ठेवलंय.

२ फेब्रुवारी
ठकी रोज संध्याकाळी चालायला जाते आणि आल्यावर वही लिहिते. बायको म्हणाली, तिच्याकडून शिका. मी म्हणालो, अनुभवी माणूस साठवून लिहितो.

३ मार्च
दुसरी व्हिजिट. आठ आठवड्यांची वही हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पंचवीस मिनिटांत पूर्ण केली. तीन पेनं नेली होती: निळं, काळं आणि एक संपत आलेलं. एका पानावर चहाचा डाग पाडला, म्हणजे घरचं वाटतं. उरलेल्या अकरा गोळ्या पार्किंगच्या कचरापेटीत. ठकी मागच्या सीटवरून बघत होती. तिला समजावलं की मोठ्या माणसांच्या स्टडीची पद्धत वेगळी असते.
स्टडीच्या मॅडम गोळ्या मोजतात, वह्या वाचतात आणि हसत नाहीत. माझी वही पाहून म्हणाल्या, फारच नियमित आहात. कौतुक ऐकून बरं वाटलं.
वजन ९७.९. प्रमाण वजन न्यायचं विसरलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. वजनमापांतलं तिला काय कळतं?

२५ मार्च
उद्यापासून गोड बंद.

२६ मार्च
ऑफिसात एकाचं प्रमोशन. त्याचं मन मोडवेना. सोमवारपासून बंद.

२४ एप्रिल
मॅडमचा फोन. व्हिजिट मंगळवारी. एका घरातले दोघे स्टडीत असतील तर दोघांच्या वह्या शेजारी ठेवून बघतात म्हणे. हा नियम आधी सांगायला नको?
ठकी शाळेत गेल्यावर तिची वही उघडली. पोरीने पहिल्या पानापासून सगळं लिहून ठेवलंय. गोल, स्वच्छ अक्षर. १९ जानेवारी: ‘बेकरीत बाबांनी चार पेस्ट्री खाल्ल्या. मला एक देत होते, खूप खावीशी वाटली, पण नको म्हटलं.’ ३ मार्च: ‘बाबांनी गोळ्या टाकून दिल्या.’ गेल्या व्हिजिटला मॅडमनी फक्त मागची आठ पानं उलटली होती, म्हणून वाचलो. तिच्या वहीत माझं काय काम? घरभेदी पोर.
मला स्टडीतून काढलं तर औषध बंद, आणि मी तर खऱ्या गोळीवर. विचार करायलाच हवा.

२५ एप्रिल, दुपार
ऑफिसात येऊन बसलो. शनिवारची सुट्टी, सगळं सामसूम. कोरी वही माझ्याकडे होती, पहिल्या दिवशी मॅडमकडून जादा मागून घेतली होती. तीन तास बसून ठकीची वही पुन्हा लिहिली. अक्षर हुबेहूब. फक्त मी जिथे जिथे होतो तिथून मला काढलं, बाकी तसंच. तिचं काहीच नुकसान नाही. जुनी वही कपाटात, जप्त केलेल्या खोट्या वजनांच्या मागे ठेवली.
ठकीला सांगितलं, तुझ्या वहीवर कॉफी सांडली, म्हणून बाबांनी राबून नवी करून दिली. तिने पानं उलटली. मी पेस्ट्री नको म्हटलेलं कुठे गेलं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, राहून गेलं असेल.

२८ एप्रिल
तिसरी व्हिजिट.
आधी स्कॅन. ठकीचा आकडा ७.९ वरून ६.३. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. माझा १०.७. मशीन जुनं असावं.
मग मॅडमची खोली. माझी वही त्यांनी चाळून बाजूला ठेवली आणि ठकीच्या वहीवर थांबल्या. शंभराहून जास्त दिवस, एकच शाई, एकच दाब. तीन पेनं न्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मॅडमनी ठकीला विचारलं, ही वही कोणी लिहिली.
ठकीने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे.
ती म्हणाली, मीच लिहिली, एका दिवसात, रोज लिहायचा कंटाळा आला होता.
मॅडम म्हणाल्या, मग हिची माहिती धरता येणार नाही, नियमाप्रमाणे आजपासून गोळी बंद, डॉक्टर साधे उपचार देतील. मी प्रसंगावधान सोडलं नाही. मॅडमसमोरच ठकीला रागावलो. म्हणालो, खोटं लिहिताना लाज नाही वाटली, पुन्हा असं करायचं नाही. ती बरं म्हणाली.
वेळ मारून नेली. मी स्टडीत आहे.
गाडीत ठकी मागे बसली. पुढे ये म्हटलं तर आली नाही.

१० मे
ठकी हल्ली चालायला जात नाही. विचारलं तर म्हणते, लिहायचं नाही तर कशाला. बायको मला विचारते, एवढी सरळ पोर असं वागलीच कशी. मी म्हणालो, वयच तसं असतं.

२ जून
ठरलं. शेवटच्या व्हिजिटला ठकीची खरी वही नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवणार. सगळं स्पष्ट सांगणार. माणसाने चूक कबूल करावी. लिहितानाच हलकं वाटलं.

२३ जून
शेवटची व्हिजिट. एकटाच गेलो. पिशवीत दहा किलोचं प्रमाण वजन आणि ठकीची वही.
माझा आकडा ११.९. डॉक्टर आता नुसत्या फॅटी लिव्हरबद्दल बोलत नाहीत, पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी दिली.
मॅडम गोळ्या मोजत होत्या. मध्येच म्हणाल्या, तुमच्या मुलीचं वाईट वाटतं, तिचा आकडा किती छान उतरत होता. आता बोलायचं होतं. मी पिशवीत हात घातला आणि वजन काढलं. म्हणालो, तुमचा काटा तपासायचाय. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. वजन काट्यावर ठेवलं.
दहा किलो, शून्य ग्रॅम. तीनदा ठेवून पाहिलं.
मग स्वतः उभा राहिलो. १०१.२.
वही पिशवीतच राहिली. माझी मलाच किळस आली, पण हात पुन्हा पिशवीकडे गेला नाही.
घरी ठकीने दार उघडलं. विचारलं, बाबा, काटा चुकीचा होता का. मी म्हणालो, हो, बराच. ती बरं म्हणाली आणि पिशवी जड आहे म्हणून दोन्ही हातांनी आत घेऊन गेली. थांब म्हणेपर्यंत तिने ती रिकामी केली होती. वजन माझ्या टेबलावर ठेवलं. वही उघडली, पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव बघितलं आणि ती दप्तरात टाकली.