पूजेत मांडलेला जीपीएस

आश्विन शु. नवमी
नात मृणाल सणासाठी केजला आली आहे. विमान चालवण्याचे शिक्षण घेते. एकटीने करावयाचे लांब उड्डाण येत्या चतुर्दशीस. शाळेचे विमान जुने, दोन आसनांचे. वाटेसाठी तिची सारी भिस्त हातात मावणाऱ्या जीपीएसवर, नकाशे त्यातच.

आज खंडेनवमी. विळा, कोयता, अडकित्ता यांच्या पंक्तीत आमच्या हिने जीपीएसही मांडला. "आवो, वाट दावतंय म्हंजे हत्यारच की ते." (हिचे बोलणे सुधारण्याचा नाद मी केव्हाच सोडला.) हळदकुंकू, झेंडू, सर्व यथासांग.

सायंकाळी मृ. तो उचलू लागली. लॅपटॉपवरून नवा नकाशा भरावयाचा होता; वाटेतले नवे मनोरे, अडथळे त्यातच कळतात. आमच्या घरी पूजेतले हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवीत नाहीत. तसे सांगितले.
"आजोबा, पाच मिनिटांचं काम आहे."
"रीत ती रीत."
"बरं. होस्टेलवर भरते."

शु. दशमी
पूजा उतरवताच मृ. बसने गेली. निघताना आजीला म्हणाली, "एवढी पूजा झाल्यावर विमान आता आपोआपच उडेल." ही हसली. मीही.

शु. द्वादशी
सोयरिकीच्या बोलण्यांसाठी चौसाळ्यास गेलो होतो. पलीकडच्या डोंगरावर, मृ. च्या वाटेतच, नव्या पवनचक्क्या. पाती लागली आहेत, विमानांना इशारा देणारे तांबडे दिवे दिसले नाहीत. चहावाला म्हणाला, "लई उंच हायेत, गुर्जी. आभाळ उतरलं की शेंडे गायब."

परतल्यावर मृ. ला दूरध्वनी. नकाशा भरला का?
"इथलं नेट बंद आहे हो. उद्या बघते."
ढग खाली असले तर?
"मग मीही खाली येणार. जमीन दिसायला हवी ना."
पवनचक्क्यांविषयी सांगितले. म्हणाली, "सरांना विचारते. तुम्ही काळजी करू नका." मागून कोणीतरी हाक मारली. बोलणे तिथेच राहिले.

शु. त्रयोदशी
आज मृ. चा फोन लागत नाही. संदेश पाठवला: 'चौसाळ्याच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. नकाशात नसल्या तरी आहेत.' एकच खूण उमटली आहे, पोहोचल्याची दुसरी नाही. पाच मिनिटांचे काम होते. रीत मी सांगितली आणि तिने ती पाळली, त्यात…

शु. चतुर्दशी
सकाळपासून आभाळ भरलेले. मृ. ची वाट केजवरून चौसाळ्याकडे जाते. वाटले, आज उड्डाण होणार नाही. तेवढ्यात इंजिनाचा आवाज. ही ओल्या हातांनीच गच्चीवर आली.
"आपलीच का वो?"
ढगाखालून पांढरे पोट दिसले. विमान आणखी थोडे खाली उतरले आणि पश्चिमेकडे वळले.
"येवढी खाली कावून आली?"
"जमीन दिसावी म्हणून."
"आन् वाट दावनारं हाय नं तिच्यासंगं?"
"आहे," म्हणालो. त्यात डोंगर आजचा आहे की नवमीच्या आधीचा, हे मला ठाऊक नाही.
आवाज विरला. संदेशापुढे अजून एकच खूण. ही गच्चीवरून खाली यायला तयार नाही.